एक मुहूर्त लग्नाचा, दुसरा व्हिसाचा

मराठी घरातल्या नव्या जोडप्याचं पहिलं वर्ष किती भरलेलं असतं, ते कालनिर्णय पुढ्यात घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. लग्न फेब्रुवारी ते मे यांच्यात कुठेतरी. मग सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन, गोंधळ किंवा जागरण. आषाढात सुनेनं माहेरी जायचं, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरी-गणपती, पुढे दिवाळसण, मग संक्रांतीचे हलव्याचे दागिने. एवढ्या सगळ्यात चार आठवड्यांची सलग फट एकच सापडते, अनंत चतुर्दशी ते दिवाळी.

योगायोग असा की युरोपात फिरायला याहून चांगले दिवस नाहीत. इटलीतलं ऊन उतरलेलं असतं, आल्प्समधल्या बहुतेक केबल कार अजून चालू असतात आणि तिथल्या शाळा सुरू झाल्यामुळे हॉटेलं जुलै-ऑगस्टइतकी अंगावर येत नाहीत. नोव्हेंबरात त्याच केबल कार देखभालीसाठी बंद पडतात आणि डिसेंबरात व्हिएन्नामध्ये चारच्या सुमारास अंधार होतो. सुरुवातीचे पंधरा दिवस पितृपक्षाचे, तेव्हा “पितृपक्षात कुठे निघालात?” असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. वाद घालू नये, पण तारीखही बदलू नये. फक्त निघताना ताप आला तर त्याचं खापर पितरांवर फुटेल, एवढी तयारी ठेवावी.

अधिक महिन्याच्या वर्षी ही फट पुढे सरकते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला येते आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे २७ सप्टेंबरला उतरून २५ ऑक्टोबरला परत निघणं अगदी आरामात बसतं. दसरा बुडापेस्टमध्ये होईल, तेवढं चालवून घ्यायचं.

लग्नाच्या हॉलमधून थेट विमानतळ गाठण्याची हौस असते त्यांना माझं एकच सांगणं, ती हौस चार दिवसांच्या कोकणावर भागवावी. लग्नाच्या धावपळीनंतरचा आठवडा झोपेचा असतो. त्यात मे महिन्यातल्या लग्नानंतर लगेच युरोप करायचा, तर व्हिसाची अपॉइंटमेंट मार्च-एप्रिलमध्ये लागते आणि उन्हाळी सुट्टीला निघालेला निम्मा देश त्याच वेळी रांगेत उभा असतो.

आता मार्ग. “किती देश?” हा प्रश्न नातेवाइकांनी विचारायचा. जोडप्यानं विचारायचा तो “किती रात्री?” गाव बदललं की अर्धा दिवस जातोच: खोली सोडा, स्टेशन गाठा, नवं हॉटेल शोधा, तीन वाजेपर्यंत खोली मिळत नाही म्हणून बॅगा ठेवून वेळ काढा. म्हणून एका गावात दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम ठेवूच नये, आणि दोन रात्री म्हणजे प्रत्यक्षात हातात एकच पूर्ण दिवस, हे लक्षात ठेवावं. २८ रात्रींची एक नीट बसणारी वाटणी अशी होते: रोम चार, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस दोन, मग स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनच्या आसपास एकाच ठिकाणी सहा, साल्झबर्ग तीन, व्हिएन्ना तीन, बुडापेस्ट तीन, शेवटी प्राग चार. गावं आठ, बदल सात. पॅरिस यात नाही आणि त्यावरून घरात चर्चा होईल. पॅरिस घालायचं असेल तर खुशाल घाला, पण त्यासाठी काहीतरी काढा. २८ रात्रींत नववं गाव कोंबलं की शेवटच्या आठवड्यात दोघंही एकमेकांवर चिडलेले असतात आणि कारण कुणालाच सांगता येत नाही.

विमानाचं तिकीट जाताना रोमचं आणि येताना प्रागहून, असं एकाच बुकिंगमध्ये घ्यावं. वेबसाइटवर ‘राउंड ट्रिप’च्या शेजारी ‘मल्टी-सिटी’चा पर्याय असतो तो हाच. रोमला येऊन परत रोमहूनच निघायचं म्हणजे प्रागहून पुन्हा एक विमान, वर एक दिवस.

ही वाटणी ठरल्याशिवाय व्हिसाकडे वळताच येत नाही. या सगळ्या देशांना मिळून एकच असलेला शेंगेन व्हिसा सगळीकडे चालतो, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते तुमच्या मुक्कामावरून ठरतं. जिथे सर्वांत जास्त दिवस, तो देश. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल तो. वरच्या वाटणीत इटलीच्या नऊ रात्री, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या सहा-सहा, म्हणून अर्ज इटलीकडे. फ्लॉरेन्स गाळून त्या तीन रात्री डोंगरात घालवायच्या ठरवल्या तर इटलीच्या सहा आणि स्वित्झर्लंडच्या नऊ झाल्या, की अर्ज स्विसकडे गेला. इटलीची अपॉइंटमेंट मिळेना म्हणून दुसऱ्याच देशाची हॉटेलं दाखवून अर्ज करायचा आणि व्हिसा आल्यावर ती रद्द करायची, असा सल्ला देणारे भेटतात. विमानतळावर हॉटेलची बुकिंगं मागितली गेली की तो सल्ला महागात पडतो, आणि पुढच्या अर्जातही तो इतिहास सोबत येतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत अपेक्षित असतो, शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबतो. म्हणून दहा-बारा आठवडे आधीची अपॉइंटमेंट धरावी. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. हा आकडा व्हिसापुरता झाला. इंटरलाकेनला पॅराग्लायडिंगचा बेत असेल तर पॉलिसीत साहसी खेळ वगळले आहेत का, तेवढं पान वाचावं. बहुतेकदा वगळलेले असतात.

पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई नको. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं कुठलंही नाव लिहा, तिकिटावर मात्र पासपोर्टात आहे तेच, अक्षरन् अक्षर. माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्ण वैध असतो आणि नवऱ्याचं आडनाव वेगळं असलं तरी हनिमूनचा व्हिसा मिळतो; नातं दाखवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र पुरतं. नाव बदलायचंच असेल तर प्रवासाहून आल्यावर. मध्येच पासपोर्ट बदलला तर तिकीट एका नावाचं, व्हिसा जुन्या पुस्तकात आणि बँकेचे कागद तिसऱ्याच नावाचे, असा गुंता होतो. आपल्याकडे पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तिकीट काढताना ते मधलं नावही ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात टाकायचं, गाळायचं नाही.

नोंदणीचं काम मात्र लग्नाच्या आठवड्यातच उरकावं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत नोंदणी अपेक्षित आहे. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार आणि भटजींची सही लागते. त्यातले भटजी सीझनमध्ये सापडत नाहीत, म्हणून त्यांची सही मांडवातच घेऊन ठेवलेली बरी.

आता सगळ्यात नाजूक प्रकरण, बँक स्टेटमेंट. व्हिसा अधिकाऱ्याला तीन ते सहा महिन्यांचा हिशोब दिसतो, आणि नव्या जोडप्याच्या बाबतीत ते नेमके लग्नाचे महिने असतात. कार्यालयाला दोन लाख, केटररला पाच लाख, सराफाला आणखी काही. मग अचानक आहेराची रोख भरलेली, त्यानंतर आई-वडिलांकडून मोठी रक्कम आलेली. आपल्याला ते लग्न दिसतं. अधिकाऱ्याला दिसतं ते असं खातं, ज्यात पगारापलीकडे काही टिकत नाही आणि अर्जाच्या तोंडावर कुठूनतरी पैसे येऊन पडतात. “पुरेशी साधनं नाहीत” हा नकाराच्या छापील कारणांपैकी एक आहे, आणि लग्नाच्या वर्षात तो चांगल्या पगाराच्या माणसालाही येऊ शकतो.

उपाय लग्नाआधीच करायचा असतो. प्रवासाचे पैसे लग्नाच्या सहा-सात महिने आधीपासून वेगळ्या खात्यात दरमहा टाकत जावे आणि लग्नाचा एकही रुपया त्या खात्यातून जाऊ देऊ नये. पगाराचं खातंही दाखवावं लागतंच, पण त्यातल्या मोठ्या रकमांचा उलगडा अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत करावा: अमुक तारखेला आमचं लग्न झालं, या तीन रकमा त्या खर्चाच्या, ही जमा रक्कम वडिलांकडून, त्यांचं स्टेटमेंट जोडलं आहे. लपवण्यासारखं काहीच नसतं, सांगायचं राहून जातं एवढंच. मुदत ठेवींचे दाखले जोडावेत. दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजुरीचं पत्र. पाच आठवड्यांची रजा वाचून अधिकारी थबकतो, म्हणून पत्रात परत रुजू होण्याची तारीख स्पष्ट लिहून घ्यावी. लग्नानंतर मुलीनं गाव बदलण्यासाठी नोकरी सोडली असेल तर तिच्या कागदांत ही जागा रिकामी राहते. तिथे नवऱ्याच्या हमीपत्रावर भागतं, पण नव्या नोकरीचं ऑफर लेटर हाती असेल तर ते सोन्याहून पिवळं.

नवरा-बायको असले तरी अर्ज दोन आणि फायलीही दोन. प्रत्येक फायलीत सगळे कागद स्वतंत्र. इथे हमखास होणारी चूक म्हणजे हॉटेलचं बुकिंग एकाच्याच नावावर. दोन माणसांची खोली, पण कागदावर नाव फक्त नवऱ्याचं, आणि बायकोच्या फायलीला राहायची जागाच नाही. बुकिंग करताना दुसऱ्या पाहुण्याचं नाव टाकायला जागा असते, ती भरावी. हॉटेलं फुकट रद्द करता येणारीच घ्यावीत आणि विमानाचं न परतवता येणारं तिकीट व्हिसा हातात पडल्यावर. एकाला व्हिसा मिळून दुसऱ्याला नाकारला गेल्याची उदाहरणं कमी असली तरी आहेत.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला जाताना मेंदीचा विचार करावा. बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असेल किंवा कातडी सोललेली असेल तर यंत्र ठसे घेताना त्रास देतं आणि पुन्हा बोलावणं येतं. लग्न मेमध्ये आणि अपॉइंटमेंट जुलैत असेल तर प्रश्नच नाही. श्रावणातल्या मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट मात्र टाळावी. आधीच्या शेंगेन व्हिसासाठी दिलेले ठसे ५९ महिने चालतात, म्हणजे ऑफिसच्या कामानं जर्मनीला जाऊन आलेल्याला बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

पासपोर्ट परत आला की आनंदाआधी स्टिकर वाचावा. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात: कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत वैध, आणि त्यात एकूण किती दिवस राहायची परवानगी. वैधतेत पुष्कळदा १५ दिवसांची जादा सवलत असते, त्यामुळे तारखा ४५ दिवसांच्या दिसतात आणि मुक्काम ३० दिवसांचाच असतो. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. २८ रात्री म्हणजे २९ दिवस. विमान रात्री साडेबाराचं आणि पासपोर्ट तपासणी मध्यरात्रीनंतर झाली तर ३०. परतीचं विमान फ्रँकफर्टमार्गे असेल तर शेंगेनबाहेर पडल्याची नोंद प्रागला नाही, फ्रँकफर्टला होते. ही मोजणी आता ठप्प्यांवर चालत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं आलेली संगणकीय नोंदपद्धत दिवस स्वतःच मोजते. आणि मधेच चार दिवस इस्तंबूल करून पुन्हा युरोपात यायचं असेल तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, तेही अर्जातच मागावं लागतं. एका प्रवेशाच्या व्हिसावर बाहेर पडलात की तो संपला.

आगगाड्यांचं त्यामानानं सोपं. रोम-फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स-व्हेनिस सव्वादोनच्या आसपास. जलद गाड्यांची तिकिटं जितकी लवकर तितकी स्वस्त आणि ठरावीक गाडीलाच चालणारी. इटलीतल्या साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट मात्र चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असून दंड. तीन टप्पे मोठे आहेत: व्हेनिसहून मिलान आणि श्पीत्समार्गे इंटरलाकेन, इंटरलाकेनहून झुरिकमार्गे साल्झबर्ग, आणि बुडापेस्टहून प्राग. हे तीनही दिवस प्रवासाचेच धरावेत, त्या संध्याकाळी काहीही बुक करू नये.

स्वित्झर्लंडमध्ये सहा दिवसांचा ट्रॅव्हल पास डोळे झाकून घेतला जातो. रोज लांबचा प्रवास असेल तर तो परवडतोही. पण एका खोऱ्यात राहून दोन-तीन डोंगर करायचे असतील तर महिनाभर अर्ध्या दरात तिकिटं देणारं हाफ फेअर कार्ड मांडून बघावं. युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनला जाताना पास वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच पूर्ण चालतो, वरच्या टप्प्यावर फक्त सवलत मिळते. सगळ्यात महागडा तुकडा तोच. शिवाय ३,४५४ मीटरवरचं ते स्टेशन ढगात असलं की आत नुसता पांढरा पडदा. सहा रात्री एकाच ठिकाणी ठेवण्याचं कारण हेच, आदल्या रात्री आणि सकाळी वेबकॅम बघून दिवस निवडता येतो. टूरच्या बसला ही चैन नसते.

कोलोझियमची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात आणि त्यांवर नाव असतं. व्हॅटिकन संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडता रविवारी बंद, फ्लॉरेन्सचं उफिझी कलासंग्रहालय सोमवारी बंद. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, त्यासाठी एक ओढणी पुरते. बाकीच्या ठिकाणांची यादी इंटरनेटवर ढिगानं आहे.

चलनं चार: युरो, स्विस फ्रँक, हंगेरीचा फोरिंट आणि चेक कोरुना. फॉरेक्स कार्डात फक्त युरो भरले आणि ते स्वित्झर्लंडमध्ये घासलं तर प्रत्येक वेळी चलन बदलाचा आकार कापला जातो, म्हणून फ्रँक वेगळे भरावेत. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास अधिभार आणि वर जीएसटी. यंत्रानं “रुपयांत देता का?” असं विचारलं तर नाही म्हणावं, तो दर दुकानाच्या बँकेचा असतो, आपल्या फायद्याचा नसतो. भारतीय सिमवर ओटीपी येण्यापुरतं रोमिंग चालू ठेवावं आणि डेटासाठी ई-सिम घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे ना ते बघावं, ‘युरोप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पॅकमध्ये ते नसतं. इटलीत मुक्काम कर हॉटेलच्या भाड्यात धरलेला नसतो: रोमच्या चारतारांकित हॉटेलात माणशी रात्रीला साडेसात युरो, म्हणजे दोघांचे चार रात्रींचे ६० युरो निघताना काउंटरवर. परदेशी सहलीचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानंच तुमच्याकडून घेऊन सरकारात भरायचा आयकर, आकारला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, पण तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करता येतो. म्हणून ज्याच्या डोक्यावर कर आहे त्यानं पैसे भरावेत, सासऱ्यांनी हौसेनं भरले तर तो परतावा सासऱ्यांचा.

खोल्यांबद्दल एक सूचना, हनिमूनवाल्यांसाठी खास. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया या भागांत ‘डबल’ खोलीतही पुष्कळदा दोन गाद्या शेजारी जोडलेल्या आणि दोन स्वतंत्र रजया मिळतात. मध्ये फट असते. सलग गादी हवी तर आधी मेलवर विचारावं. लाजण्यासारखं काही नाही, तिथे रोज कुणीतरी विचारतं. दर सहा-सात दिवसांनी कपडे धुण्याचं यंत्र असलेला एक मुक्काम ठेवला की माणशी एक मध्यम बॅग पुरते. व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या आहेत, तिथे मोठी बॅग ओढणाऱ्याचं लग्न लगेच जुनं होतं.

खाऊचं बघा. चकली, शेव, चिवडा, थालीपिठाची भाजणी बिनधास्त न्यावी. पेढे, बर्फी, पनीर, तूप नको. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि सापडले तर ते कचऱ्यात जातात. रुखवतातला डबा तसाच उचलून बॅगेत टाकू नये. लग्नातले दागिने घरीच. बारीक मंगळसूत्र पुरे. जड सोनं न्यायचंच असेल तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून ते भारतातून नेत असल्याचा दाखला घ्यावा, म्हणजे परतताना नवीन घेतलं का, या प्रश्नाला कागदानं उत्तर देता येतं.

इटलीत एका दुकानात ७० युरोंपेक्षा जास्तीची खरेदी केली असेल तर करपरतावा मिळू शकतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यायचा आणि वस्तू न वापरता ठेवायची. मंजुरी युरोपीय संघातून शेवटी बाहेर पडताना मिळते, म्हणजे या मार्गावर विमान आखाती देशांतून असेल तर प्रागला आणि बॅग चेक-इन करण्याआधी, कारण वस्तू दाखवा म्हणतात. स्वित्झर्लंड संघात नाही, त्यामुळे तिथलं घड्याळ घेतलंत तर त्याचे कागद स्वित्झर्लंडमधून बाहेर पडतानाच उरकायचे. प्रागमध्ये त्यांना कुणी विचारत नाही.